कुडाची भिंत गॅलरीत कशी उभी राहते? मोठ्या मांडणशिल्पामागचं गणित

इन्स्टाग्रामवर तुम्ही असे फोटो नक्की पाहिले असतील. एखाद्या गोदामात छतापासून लोंबणाऱ्या हजारो दोऱ्या, जुन्या खिडक्यांचा डोंगर, नाहीतर खोलीभर पसरलेली माती, आणि त्यासमोर कुणीतरी पाठमोरं उभं. खाली कमेंट ठरलेली असते, 'यात कला काय आहे?' त्या प्रश्नावर भांडणारे पुष्कळ आहेत. 'हे इथे आणलं कसं आणि उभं केलं कसं?' असं मात्र सहसा कुणी विचारत नाही. खरं तर कलाकाराची झोप याच प्रश्नाने उडालेली असते.

त्याचं उत्तर आपण पालघर जिल्ह्यातून शोधू. मातीच्या भिंतीवरचं चित्र जगभर पोहोचवणारी डहाणूतली गावं याच जिल्ह्यात आहेत, आणि लोखंडी सांगाडा जोडून देणाऱ्या बोईसर-तारापूरच्या वर्कशॉपही इथल्याच.

मांडणशिल्प म्हणजे नेमकं काय?

इंग्रजीत ज्याला इन्स्टॉलेशन म्हणतात, त्याला मराठीत 'मांडणशिल्प' हा चांगला शब्द रूढ झाला आहे. चित्र भिंतीवर टांगतात, पुतळा चौथऱ्यावर ठेवतात. मांडणशिल्प एका जागेत मांडलेलं असतं आणि ती जागाही कलाकृतीचाच भाग होते. तुम्ही त्याच्या आत शिरता, भोवती फिरता, कधी वास घेता, कधी आवाज ऐकता. जागा बदलली की कलाकृतीही थोडी बदलते.

गणपतीत मंडळाचा देखावा पाहिलेल्या माणसाला ही कल्पना नवी वाटू नये. मंडप, सांगाडा, प्रकाश, रांग कुठून येणार आणि कुठून जाणार, दहा दिवसांनी सगळं सोडवायचं, ही सगळी कामं मांडणशिल्पातही असतात. फरक आहे तो हेतूचा. आणि समूह प्रदर्शन असेल तर आणखी एक फरक पडतो. एकाच मंडपात दहा-वीस किंवा शंभर मंडळांनी आपापला देखावा उभारायचा असतो.

गंजाड ते पॅरिस

१८ मे १९८९ रोजी पॅरिसमध्ये 'मॅजिसिएं द ला तेर' नावाचं प्रदर्शन सुरू झालं. अर्थ सांगायचा तर 'पृथ्वीवरचे जादूगार'. पाँपिदू सेंटर आणि ला व्हिलेतला मोठा हॉल अशा दोन जागा होत्या, आणि क्युरेटर होते जाँ-युबेर मार्तँ. जगभरातले शंभरहून अधिक कलाकार होते, त्यातले साधारण निम्मे युरोप-अमेरिकेबाहेरचे. भारतातून निवडलेल्यांमध्ये मिथिला चित्रकार बौआ देवी होत्या आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे होते. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी.

म्हसे यांचा जन्म १९३४ चा. लहानपणी आई गेली, त्यानंतर हा मुलगा कित्येक वर्षं बोलायचाच बंद झाला होता आणि मातीवर चित्रं काढून मनातलं सांगायचा, असं त्यांच्याबद्दल सांगतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी सरकारी हस्तकला विभागाच्या कामासाठी या भागात फिरले. त्याआधी त्यांनी बिहारच्या मधुबनीत असंच काम केलं होतं. त्यांनी वारली चित्रं कागदावर उतरवायला प्रोत्साहन दिलं. १९७६ मध्ये म्हसे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते गेले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. म्हसे यांच्या आधी वारली चित्र हे मुळात बायकांचं काम होतं. लग्नात घराच्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मध्ये पालघट देवी असते, धवलेरी गाणी म्हणून लग्न लावते. हा चौक विकण्यासाठी नसतो, टिकवण्यासाठीही नसतो. लग्न झालं, पावसाळा आला, भिंत पुन्हा सारवली की संपला. जागेसाठी आणि प्रसंगासाठी केलेली आणि नंतर जाऊ दिलेली गोष्ट, असं पाहिलं तर चौक हा कॅनव्हासवरच्या चित्रापेक्षा मांडणशिल्पाला जवळचा वाटतो. अर्थात चौक हे देवकार्य आहे. प्रदर्शनाला ते नाव लावताना जपूनच लावावं.

शेजारी कोण आहे, हे महत्त्वाचं

समूह प्रदर्शनात तुमची कलाकृती एकटी दिसत नाही. पॅरिसच्या त्याच प्रदर्शनातलं हे गाजलेलं उदाहरण पाहा. ऑस्ट्रेलियातल्या युएंडुमू इथल्या वार्लपिरी आदिवासी कलाकारांनी जमिनीवर मोठं भूचित्र केलं होतं. (नावामुळे वारली आठवतात, पण दोघांचा काही संबंध नाही.) त्याच्या मागच्या उंच भिंतीवर इंग्लंडचे रिचर्ड लाँग यांनी चिखलाने भलंमोठं वर्तुळ काढलं. फोटोत दोन्ही एकत्र फार देखणे दिसतात. पण टीकाही झाली, की वरचं वर्तुळ खालच्या भूचित्रावर स्वार झाल्यासारखं वाटतं आणि प्रेक्षकाची नजर आधी प्रसिद्ध नावाकडे जाते. कुणाची कलाकृती कुठे, किती उंचीवर, कुणाच्या समोर, हे ठरवणं म्हणजे अर्थ ठरवणंच असतं.

हेच रिचर्ड लाँग पुढे २००३ मध्ये वारल्यांच्या मुलखात आले. इथल्या रानात, शेतात हाताशी आलेल्या वस्तूंनी त्यांनी कामं केली आणि त्याच वर्षी जर्मनीत डसेलडॉर्फच्या कुन्स्टपलास्ट संग्रहालयात लाँग आणि म्हसे यांचं जोडप्रदर्शन भरलं. ते नंतर मिलानलाही गेलं.

म्हणून समूह प्रदर्शनाचं बोलावणं आलं की सर्वात आधी नकाशा मागावा. आपली जागा किती, शेजारी कोण, त्याच्याकडे आवाज आहे का, व्हिडिओ आहे का. शेजाऱ्याचा प्रोजेक्टर असेल तर त्याला अंधार हवा आणि तुमच्या भिंतीला उजेड, म्हणजे उद्घाटनाच्या आदल्या रात्री भांडण नक्की. हे कागदावर मिटवायला फुकट पडतं.

मातीच्या भिंतीचं वजन किती?

आता एक कल्पित काम घेऊ. समजा पालघरच्या एखाद्या कलाकाराला मुंबईतल्या समूह प्रदर्शनात कुडाची भिंत उभी करायची आहे. कूड म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधून त्यावर माती, शेण आणि पेंढ्याचा गिलावा केलेली भिंत. वारली घरांची जुनी भिंत हीच. लांबी १० फूट, उंची ८ फूट, जाडी अवघी २ इंच. ऐकायला काहीच नाही.

पण हिशोब करा. १० गुणिले ८ म्हणजे ८० चौरस फूट. त्याला २ इंचांनी गुणलं की साधारण १३ घनफूट माती झाली, म्हणजे एक घनमीटरच्या तिसऱ्या भागाहून थोडी जास्त. सुकलेली माती घनमीटरला १,६०० किलोच्या आसपास भरते. म्हणजे ही भिंत सुमारे ६०० किलोची! ओली असताना याहून जड.

पुढचा प्रश्न जमिनीचा. राहत्या घराचा स्लॅब प्रति चौरस मीटर साधारण २०० किलो जिवंत भार धरून काढतात. सार्वजनिक सभागृहांना जास्त धरतात, पण जुन्या वाड्यातली किंवा लाकडी तुळयांच्या मजल्यावरची गॅलरी असेल तर कुणाच्या तोंडी शब्दावर जाऊ नये. आपली ६०० किलोची भिंत २ फूट रुंद पायावर उभी केली तर तिचा भार चौरस मीटरला ३०० किलोच्या वर जातो, लोखंड त्यात धरलेलंच नाही. तळमजल्याची जागा मागणं हा यावरचा सर्वात स्वस्त उपाय आहे. दुसरा उपाय म्हणजे गिलावा एक इंचाचा करून मागे जाळी लावणं. वजन थेट निम्म्यावर येतं आणि समोरून पाहणाऱ्याला कळतही नाही.

आणि भिंत पडता कामा नये. घरातली कुडाची भिंत मेढींच्या आणि छपराच्या आधाराने उभी असते. गॅलरीत तिला छप्पर नाही, कोपरा नाही. ८ फूट उंच आणि २ इंच जाड अशी सुटी भिंत एखाद्या मुलाने रेलून उभं राहिलं तरी डगमगेल. शाळेची सहल येणार, कुणीतरी सेल्फीसाठी पाठ टेकणार, हे गृहीत धरूनच आधार द्यावा लागतो. 'कृपया स्पर्श करू नका' ही पाटी म्हणजे आधार नव्हे.

बोईसरच्या शेडमध्ये

इथे फॅब्रिकेटर लागतो. बोईसर-तारापूर औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांसाठी जिने, रॅक, शेड, टाक्यांची स्टँड करून देणाऱ्या वर्कशॉप आहेत. त्या माणसाला तुमची संकल्पना सांगत बसू नका, माप सांगा. त्याला ड्रॉइंग हवं, कुठे वेल्डिंग आणि कुठे नट-बोल्ट ते हवं, वरून किती वजन येणार ते हवं. ४० बाय ४० मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा एमएस चौकोनी पाइप मीटरला सव्वादोन-अडीच किलो भरतो. आपल्या भिंतीची चौकट आणि तीन उभे आधार धरून १८-१९ मीटर पाइप लागेल, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलो लोखंड. मागचे तिरपे टेकू आणि पायाची पट्टी वेगळी. पायावर वाळूच्या गोण्या ठेवायची सोय करून घेतली तर गॅलरीच्या फरशीला भोक पाडावं लागत नाही, आणि ते पाडू देणाऱ्या गॅलऱ्या कमीच.

आधी छोटं मॉडेल करावं. एका फुटाला एक इंच धरलं तरी १० इंच बाय ८ इंचाचं पुठ्ठ्याचं मॉडेल होतं. चुका पुठ्ठ्यात सापडल्या तर दहा रुपयांत सुटतात.

या पट्ट्यातल्या कलाकारांना एक मोह हमखास होतो, भंगारबाजारातल्या पिंपांचा. रंगीत, गंजलेली, कारखान्यांची गोष्ट सांगणारी पिंपं फोटोत भारी दिसतात. पण रसायनांचं रिकामं पिंप हे रिकामं नसतं. तळाशी राहिलेल्या थेंबांची वाफ आत कोंडलेली असते आणि गॅस कटर किंवा ग्राइंडरची ठिणगी लागली की पिंपाचा स्फोट होऊ शकतो. वरचं लेबल फाटलेलं असेल तर आत काय होतं हेही कळत नाही. कलाकृतीसाठी पिंप हवंच असेल तर न वापरलेलं घ्या आणि गंज रंगाने आणा. यात कसली तडजोड नाही.

थर्माकोलचा विचारही सोडून द्या. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेपासून महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि गर्दीच्या बंद हॉलमध्ये तो पेटला तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

दारातून जाईल का?

भिंत तयार झाली. आता बोईसरहून चिल्हार फाट्याला हायवे गाठायचा आणि मुंबईपर्यंत शंभरेक किलोमीटर जायचं. 'छोटा हत्ती' टेम्पोचा हौदा साधारण ७ फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद असतो. १० बाय ८ ची अखंड भिंत त्यात बसत नाही. मोठा ट्रक केला तरी गॅलरीचं दार? जिना? लिफ्ट?

म्हणून मोठ्या कलाकृती तुकड्यांत विचार करून बनवतात. आपल्या भिंतीचे ५ बाय ४ फुटांचे चार भाग केले तर एकेक भाग दारातून जातो. पण दीडशे किलोचा एक भाग उचलायला सहा माणसं लागतात आणि खड्ड्यांत माती तडकते ती वेगळीच. माझं मत विचाराल तर फक्त लोखंडी चौकट, कारवीच्या काठ्या आणि चाळलेली माती न्यावी आणि गिलावा गॅलरीतच करावा. त्यासाठी सारवण जाणणाऱ्या दोन बायका सोबत न्याव्या लागतील. त्यांचा प्रवास, मुक्काम आणि रोजगार पहिल्या दिवसापासून बजेटमध्ये लिहा. त्या 'मदतनीस' नाहीत. भिंत त्यांचीच असते.

मुंबईचे चित्रकार जितिश कल्लाट यांचं 'पब्लिक नोटिस २' हे २००७ चं मांडणशिल्प तुकड्यांच्या विचाराचा कळस आहे. दांडी यात्रेआधीचं गांधीजींचं भाषण त्यांनी हाडांसारख्या दिसणाऱ्या अक्षरांत मांडलं. एकूण ४,४७९ सुटी अक्षरं, फळ्यांवर ओळीने ठेवलेली. उभं राहिल्यावर अख्खी खोली व्यापणारी ही कलाकृती प्रवास मात्र खोक्यांतून करू शकते.

परदेशी पाठवायचं असेल तर आणखी गाठी पडतात. लाकडी पेटीला उष्णतेची प्रक्रिया केल्याचा शिक्का लागतो. शेण, पेंढा, माती पाहिल्यावर कस्टम्सवाले थांबवतात. ऑस्ट्रेलिया तर मातीच्या बाबतीत अतिशय कडक आहे. तिथे बहुधा तिथलीच माती घेऊन काम करावं लागतं, आणि तिचा रंग आपल्या गेरूशी जुळवण्यात दोन दिवस जातात.

सुकायला वेळ द्या

मातीचं वेळापत्रक मातीच ठरवते. पालघरच्या पावसाळ्यात दोन इंचांचा गिलावा आठवडेच्या आठवडे ओला राहतो, शेणावर बुरशी धरते. दसऱ्यानंतरचे दिवस यासाठी बरे. उलट गॅलरीतला एसी पाणी इतक्या वेगाने ओढतो की भिंतीला भेगा पडतात. पहिले काही दिवस एसी बंद, खिडक्या उघड्या, हॅलोजन लांब, आणि भेगा पडतील तशा पातळ चिखलाने भरत जाणं, हाच उपाय. मग गेरू, आणि सर्वात शेवटी तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, थोडा डिंक घालून, बांबूची काडी टोकाला चावून केलेल्या कुंचल्याने चित्र.

वेळेचं गणित मोठमोठ्यांचंही चुकतं. कोची-मुझिरिस बिनाले हे देशातलं सर्वात मोठं असं प्रदर्शन. १२ डिसेंबर २०२२ ला उघडायचं होतं. ऐन वेळी मुख्य प्रदर्शन २३ डिसेंबरपर्यंत पुढे ढकलावं लागलं. सहभागी कलाकारांनी नंतर जाहीर पत्र लिहून उशिरा पोहोचलेलं सामान, गळणारी छपरं, भरवशाची नसलेली वीज, अपुरी माणसं यांचा पाढा वाचला. परदेशातून तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांना कुलूप पाहून परतावं लागलं. छप्पर गळतंय का, हे पाहायला संकल्पना-टिपण उपयोगी पडत नाही. पावसात एकदा जागेवर जाऊनच यावं लागतं.

पाटीवर नाव कुणाचं?

जव्हार परिसरात बोहाड्याचे मुखवटे करणारे कोकणा आणि वारली कारागीर आहेत. छायाचित्रकार गौरी गिल यांनी २०१५ पासून इथल्या सुभाष आणि भगवान धर्मा कडू या भावांसह अनेक कलाकारांसोबत 'अॅक्ट्स ऑफ अपिअरन्स' हे काम केलं. देवादिकांऐवजी रोजच्या जगण्यातले कागदी लगद्याचे मुखवटे, आणि ते घालून दुकानात, दवाखान्यात, घरात बसलेली गावातली माणसं. ही छायाचित्रं २०१७ मध्ये जर्मनीतल्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात आणि २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा पीएस१ मध्ये लागली. मुखवटा ज्यांनी केला त्यांची नावं इथे लिहिता येतात, कारण ती नोंदवली गेली. कित्येक ठिकाणी पाटीवर नुसतं 'वारली कलाकार' असतं. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, पण ते कलेच्या नावाचं रक्षण करतं. माणसाचं नाव पाटीवर यायला हवं असेल तर ते करारातच लिहून घ्यावं लागतं.

करार दोन पानांचा असला तरी चालेल. साहित्याचा खर्च कुणाचा, मानधन वेगळं आहे की त्याच पैशांत, विमा कुणी काढायचा, मोडतोड झाली तर काय, सोडवण्याचा दिवस कोणता आणि टेम्पोचं परतीचं भाडं कोण देणार. हा शेवटचा मुद्दा सगळे विसरतात. मग गॅलरीचा फोन येतो, 'उद्यापर्यंत न्या, नाहीतर आम्ही काढून टाकतो.'

काढून टाकता येतं का? याबाबत एक महत्त्वाचा निकाल आहे. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं सुमारे १४० फूट लांबीचं कांस्य भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनात होतं. १९७९ मध्ये नूतनीकरणात ते त्यांना न विचारता उतरवलं गेलं आणि गोदामात त्याचे हाल झाले. मालकी सरकारची होती. तरीही दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये प्रताधिकार कायद्याच्या कलम ५७ चा आधार घेत उरलेले भाग सहगल यांना परत करायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. वस्तू विकली तरी कलाकाराचा नैतिक हक्क उरतो, असा त्याचा अर्थ. मात्र त्याच कलमात हेही आहे की कलाकृती प्रदर्शित न करणं म्हणजे हक्काचा भंग नव्हे. त्यामुळे कायम मांडून ठेवा, असा हट्ट या कलमावर धरता येत नाही.

शेवटचा दिवस

सोडवायला सहसा एक-दोन दिवसच मिळतात, कारण पुढच्या प्रदर्शनाचे लोक दारात उभे असतात. त्याआधी चारही बाजूंनी नीट फोटो काढून घ्या, माणूस शेजारी उभा करून, म्हणजे आकार कळतो. नट-बोल्ट मोजून पिशवीत भरा, पाइपांवर खडूने नाही तर मार्करने आकडे घाला. लोखंडी चौकट परत बोईसरला येते आणि पुढच्या कामाला उपयोगी पडते. कारवीच्या काठ्या निम्म्या तरी वाचतात. मातीवर पाणी मारलं की ती तासाभरात विरघळू लागते, गोणीत भरता येते. गॅलरीच्या सिंकमध्ये मात्र ती ओतू नका. पाइप तुंबतो आणि प्लंबरचं बिल तुमच्या मानधनातून कापलं जातं.